शेगडी नव्हे, शेगडा

मी खोटं बोललो नव्हतो. मी फक्त मान हलवली होती. तीही अशी की बघणाऱ्याला ती 'हो' वाटावी, आणि उद्या कुणी जाब विचारलाच तर 'तेव्हा मानेत लचक होती' म्हणता यावं.

झालं होतं असं. आम्ही सहा जण, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत विखुरलेले, वर्षातून दोनदा घाटापलीकडच्या एका नदीवर खडस पकडायला जातो. खडस म्हणजे जोरदार मासा. तो आम्ही पकडतो, त्याच्याकडे डोळे भरून बघतो आणि परत पाण्यात सोडतो. आमिष म्हणून वापरतो ती माशी. खरी माशी नव्हे. गळाच्या दांडीवर रेशमी दोरा, कोंबड्याची पिसं, सशाचे केस असं काहीबाही गुंडाळून किड्यासारखं दिसणारं जे बनतं त्याला आम्ही माशी म्हणतो, आणि बनवण्याला माशी बांधणं. आमच्या गटाचे म्होरके मुलुंडला राहणारे, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे सर. त्यांचा नियम एकच: नदीवर न्यायची माशी विकतची नको, हाताने बांधलेली हवी.

मी गटात नवीन. पहिल्याच खेपेला मुखवासाच्या डबीतून डझनभर माश्या घेऊन गेलो. ऑनलाइन मागवलेल्या, पाकीट घरीच फाडून टाकलं होतं. सरांनी त्यातली एक उचलली, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ धरली आणि म्हणाले, "डोकं काय गोल आलंय रे. तू बांधलीस?"

तेव्हाच ती मान हलली.

त्याच माशीवर सरांना त्या दिवशीचा सगळ्यात मोठा खडस लागला. मग काय विचारता. परतीच्या वाटेवर त्यांनी जाहीर केलं की पुढच्या खेपेपासून गटात माझी जागा पक्की. फक्त त्याआधी एका रविवारी त्यांच्या गच्चीवर सगळ्यांसमोर बसून ती माशी बांधून दाखवायची. "तो दोरा तू डोक्यापाशी कसा संपवतोस ते आम्हाला शिकायचंय." रविवार ठरला तीन आठवड्यांनंतरचा. मी तोवर आयुष्यात साडीच्या खोक्याला सोडून कशालाही दोरा बांधलेला नव्हता.

माशी बांधायला सगळ्यात आधी लागतो वाइस. गळ एका जागी घट्ट धरून ठेवणारा छोटा लोखंडी जबडा. तो टेबलाच्या कडेला अडकवायचा, त्यात गळ धरायचा, मग दोन्ही हात मोकळे. मी घाईघाईने एक मागवला. चकचकीत होता, सोबत कात्री फुकट होती, आणि मी असा माणूस आहे की फुकट कात्रीसाठी आयुष्यभराचा जोडीदार बदलीन.

पहिल्या संध्याकाळी त्यात गळ लावला, दोऱ्याला ताण दिला, आणि गळ सुटून पडद्यात रुतला. दुसऱ्यांदा माझ्या बनियनमध्ये. मी स्क्रू आवळला तेव्हा गळ सुटला नाही, मोडला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा जबड्यात घातला, तेव्हा गळ हळूहळू मान टाकत गेला, दुपारच्या सभेतल्या माझ्या साहेबांसारखा. आठवडाभरात मी सात माश्या बांधल्या. सगळ्या एका अंगाला कललेल्या, आणि बोटाने ओढलं की सोलल्यासारख्या सुटून येणाऱ्या.

बायको दाराशी उभी राहून मला आणि वाइसला बघत होती. म्हणाली, "तुमचं दोघांचं जमेल असं वाटलेलं मला. दोघंही ढिले."

"वाइस चांगला नाही, म्हणून," मी म्हणालो.

"मग बाबांना विचार ना. आयुष्य गेलं त्यांचं त्यात."

बाबा म्हणजे माझे सासरे. मूळचे मालवणकडचे, विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते, आता तिथेच जवळ राहतात. लग्न होऊन चोवीस वर्षं झाली, पण मी त्यांना हातोडीसंबंधी काही विचारायचं टाळत आलो आहे. कारण लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत त्यांच्या घरी तोरणासाठी खिळा ठोकताना मी भिंतीतला पाण्याचा पाइप शोधून काढला होता. तेव्हापासून ते मला अहो-जाहो करतात ते जावई म्हणून की अंतर राखायला, हे मला नक्की कळलेलं नाही.

तरी फोन केला. "बाबा, मला एक वाइस घ्यायचाय. बघायला मदत कराल का?"

तिकडे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. ते म्हणाले, "आदी एक चांगलो बिडाचो शेगडो बघा. हलको घेव नकात. तो घेवन् हंय येवा, मगे बघूया." आणि फोन ठेवला.

मी घाटावरचा. माझ्या घरात कुणी शेगडो म्हणत नाही. पण चोवीस वर्षांत एवढं शिकलो होतो की ह्या लोकांत जे मोठं असतं ते ओकारान्त होतं. शेगडी मोठी असली की शेगडो. बिडाचा, जड. म्हणजे सासऱ्यांना कोळशावर बांगडे भाजायला मोठी शेगडी हवी आहे आणि मदतीच्या आधी जावयाने ती आणावी अशी सरळ अपेक्षा आहे. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट वाटलं, चोवीस वर्षांत पहिल्यांदा माणसाने काही मागितलं.

घाटकोपरला भांड्यांच्या दुकानात बिडाची शेगडी मिळाली. दुकानदाराला मी दोनदा सांगितलं, हलकी नको. त्याने मनावर घेतलं. ती रिक्षात चढवताना रिक्षावाला म्हणाला, "साहेब, लग्नाचं जेवण आहे काय?" विक्रोळीला तीन जिने चढून मी ती सासऱ्यांच्या दारात ठेवली तेव्हा माझ्या गुडघ्यांतून आवाज येत होते.

बाबा चष्मा पुसत बाहेर आले. शेगडीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा शेगडीकडे.

"ह्या काय?"

"तुम्ही म्हणालात ना. बिडाची. जड."

"मी शेगडो सांगलंय. शेगडो." त्यांनी दोन्ही मुठी एकमेकींसमोर आणून आवळून दाखवल्या. "वाइसाक काय म्हणतत मराठीत?"

मला खरंच माहीत नव्हतं. चोपन्न वर्षं मराठी बोलतोय, मराठीत भांडतोय, आणि वाइसाला मराठीत शेगडा म्हणतात हे मला बिडाची शेगडी तीन जिने चढवल्यावर कळलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी शेगडीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बीड बरा असा." त्यांच्या तोंडून निघालेलं माझ्या खरेदीचं ते पहिलं कौतुक.

चहा झाल्यावर मी पिशवीतून माझा वाइस काढला. तो बघून त्यांना शेगडीपेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. त्यांच्या डोक्यात भिंतीएवढ्या टेबलाला बोल्टने बसवलेला शेगडा होता. हा त्यांच्या तळहातावर मावत होता.

"ह्येत काय धरतास?"

मी गळ दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढा. मग माशी म्हणजे काय ते सांगितलं.

"कोळंबी लावा की," बाबा म्हणाले. "पिसां कित्याक?"

"पिसांनीच पकडायचा असतो बाबा. मजा त्यात आहे. आणि पकडून सोडून द्यायचा."

"सोडूचो?" समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. "बरा. सोडूचो असलो तरी आदी धरूक होयो मां. बघूया."

आणि मग त्यांनी जे केलं ते मी पुढे अनेकांना करून दाखवायचा प्रयत्न केला, पण त्यातला जीव माझ्या हाताला येत नाही. त्यांनी वाइसचा जबडा मिटवला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. मला मिटलेला जबडा दिसत होता. ते म्हणाले, "पुढे उजेड दिसता." मी डोळे बारीक केले, चष्मा काढला, घातला; मला काही दिसेना. मग त्यांनी बिस्किटाच्या पुड्याचा पातळ कागद फाडला, त्याची पट्टी जबड्याच्या मागच्या बाजूला धरून ओढली: कागद फाटला. तीच पट्टी पुढच्या टोकाशी धरून ओढली: अलगद निघून आली.

"मागे धरता, पुढे नाय. तुमचो गळ पुढे. मगे तो रवतलो कसो?"

म्हणजे आठवडाभर मी दातांशिवायच्या तोंडात सुपारी धरून ठेवायचा प्रयत्न करत होतो.

मी त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. असले उद्योग मला सुचतात. ते चहाचे कप ठेवायला आत गेले तेव्हा मी डोक्यावरचा एक केस उपटला (तेवढे शिल्लक आहेत), टेबलावर आडवा ठेवला आणि वर वर्तमानपत्राचा कागद पसरला. ते आले तसं म्हणालो, "बाबा, ह्या कागदाखाली काही आहे का बघा." त्यांनी तर्जनी कागदावरून एकदा फिरवली. तिचं टोक त्यांच्या कारखान्याच्या दिवसांत कधीतरी एका मशीनने सपाट केलेलं आहे. बोट थांबलं. "हंय. केस." आणि जरा थांबून, "तुमचो. मऊ असा."

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं अंधेरीला गेलो. तिथे मासेमारीचं सामान विकणारं एक लहानसं दुकान आहे. काचेच्या कपाटात तीन वाइस होते. मी गेल्या गेल्या लाल रंगाच्या वाइसवर बोट ठेवलं. त्याचा जबडा गोल फिरत होता, आत बेअरिंग होती, माशी चारी बाजूंनी बघता येते असं खोक्यावर लिहिलं होतं. मी तो फिरवून दाखवला. भिंगरीसारखा फिरला.

बाबांनी विचारलं, "तुमका फिरवूक होयो काय धरूक होयो?"

दुकानदार मध्ये पडला. "काका, सगळे हाच घेतात."

"सगळे घेतत ता माका दिसला," बाबा म्हणाले आणि खिशातून काडेपेटी काढली. तिच्यात त्यांनी माझेच चार गळ ठेवले होते, बारीक ते जाड. सर्वांत बारीक गळ त्यांनी लाल वाइसमध्ये लावला आणि दांडीवर अंगठा ठेवून खाली दाबलं. गळ सरकला. जबड्याचा दांडा दोन बोटांत धरून हलवला. मला काहीच हललेलं दिसलं नाही. "नाचता," ते म्हणाले.

दुसऱ्या वाइसमध्ये बारीक गळ बसला, जाड लावायला गेलं तर स्क्रूचे आटे संपले. तिसरा दोन्ही गळ धरत होता, पण दोऱ्याला ताण दिला की अख्खा वाइस बूड उचलून चालायला लागत होता. प्रत्येक वेळी ते दुकानदाराला शांतपणे सांगत होते की काय चुकलंय. सांगण्यात कुठे तक्रार नव्हती. डॉक्टर नाडी बघून सांगतो तसं. पहिल्या वाइसला दुकानदाराच्या कपाळावर आठ्या होत्या. दुसऱ्याला त्याने पंखा आमच्याकडे वळवला. तिसऱ्याला आतून खुर्ची आणली, फक्त बाबांसाठी.

"गळ वाकूक होयो, सरकाक नको," खुर्चीत बसून बाबांनी आम्हा दोघांना सांगितलं. "धरणाऱ्यान हार मानूची नाय. मानूची तर गळान."

आणि मग त्यांची नजर गल्ल्यामागच्या फळीवर गेली. तिथे एक काळपट, ओरखडे पडलेला वाइस होता. त्यावर दुकानदार स्वतः गिऱ्हाइकांचं मोडकं सामान दुरुस्त करत असावा; पायाशी दोऱ्याचे तुकडे पडले होते.

"तो कसलो?"

"तो माझा आहे काका. जुना माल. दिसायला असा आहे म्हणून कोणी घेत नाही."

"तुमी कित्याक वापरतास मगे?"

दुकानदार हसला. त्याने तो काढून दिला. बाबांनी कागदाची पट्टी ओढली: मागे फाटली, मध्ये फाटली, पुढे टोकाशीही फाटली. बारीक गळ लावला, दाबला. गळ धनुष्यासारखा वाकला आणि सोडल्यावर परत सरळ झाला. मग त्यांनी नखाने गळावर टिचकी मारली. टिण्ण असा स्वच्छ, लांबत जाणारा आवाज आला. माझ्या पहिल्या वाइसमध्ये टिचकी मारली की बटाट्यावर मारल्यासारखं वाटायचं. त्यांनी मला समोर बसवलं, माझं कोपर टेबलावर टेकवलं, जबडा माझ्या हाताच्या उंचीला येतो का ते बघितलं. दुकानदाराने माळ्यावर चढून तसाच एक न उघडलेला वाइस धूळ झटकत खाली आणला. त्याचीही सगळी परीक्षा पहिल्यापासून झाली. तो पास झाला तेव्हा मला माझ्या दहावीच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला, अर्थात तो निकालही फार काही नव्हता.

उरलेल्या दिवसांत मी ऑफिसातून सुटलो की विक्रोळीला जायचो आणि त्यांच्या समोर बसून बांधायचो. पहिल्याच दिवशी कळलं की मी गळ उलटा, दांडीकडून धरत होतो आणि दोरा बाहेर राहिलेल्या टोकावर घासून तुटत होता. म्हणजे सगळा दोष पहिल्या वाइसचा नव्हता. बाबांनी ते सांगितलं नाही, फक्त गळ काढून सुलटा लावला. दुसऱ्या दिवशी माझ्या हातातला दोरा घेऊन दहा वेढे मारून दाखवले. वेढ्याला वेढा चिकटलेला, एकावर एक नाही, मध्ये फट नाही. आयुष्यात पहिल्यांदा हे करत असलेला माणूस. मी तो गळ तसाच ठेवून दिला, त्यावर पुढे काही बांधलं नाही.

तो रविवार आला. बाबा म्हणाले, "मी येतंय. शेगडो कसो चलता ता बघूक." त्यांना मी सांगितलं होतं की मित्रांना माशी बांधून दाखवायची आहे. मानेची गोष्ट सांगितली नव्हती.

मुलुंडला सरांच्या गच्चीवर पत्र्याखाली टेबल मांडलं होतं. गटातले चौघं आणि सर भोवती बसले, बाबा जरा मागे. मी वाइस लावला, गळ धरला आणि बांधायला लागलो. दोरा दोनदा हातातून निसटला, पण गळ हलत नव्हता, आणि न हलणारी एक गोष्ट समोर असली की हातही हळूहळू शरमतात. पंधरा-वीस मिनिटांत माशी झाली. जाडजूड, जरा बुटकी, डोक्याकडे गाठ आलेली. पण सरळ.

सरांनी खिशातून मुखवासाच्या डबीतली ती जुनी माशी काढली. त्यांनी ती खडस मिळाल्यापासून जपून ठेवली होती. ती जबड्यातल्या माझ्या माशीशेजारी धरली.

"ही तशी नाही रे," ते म्हणाले.

"दोरा वेगळा आहे सर," मी सुरुवात केली. वाक्य तयार होतं. ओलाव्यामुळे दोरा फुगतो, पिसं दुसऱ्या कोंबड्याची आहेत, पुढचं सगळं तयार होतं. पण बोलता बोलता माझी नजर बाबांकडे गेली. ते माझ्याकडे बघतच नव्हते. पुढे वाकून वाइसमधल्या माशीचं बूड बघत होते, जिथे मी मारलेले पहिले वेढे होते. तिथे मी खोटं बोललो नव्हतो, हे त्यांना दिसत होतं.

मी म्हणालो, "दोरा नाही सर. ती मी बांधलेली नव्हती. विकत घेतलेली. मी बांधायला लागून दोन आठवडे झाले."

बोरिवलीचा एक जण म्हणाला, "दोन आठवड्यांत हे? मला सहा महिने लागले यार," आणि लगेच गप्प झाला, कारण सर हसले नव्हते.

सरांनी खडसवाली माशी टेबलावर माझ्या बाजूला ठेवली. माझी बुटकी माशी जबड्यातून काढली, पिसं चिमटीत धरून ओढली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात. एक केससुद्धा सुटला नाही.

"यंदा तू नाहीस," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू." आणि मग, जणू विषय संपला म्हणून, वाइसकडे वळले. गळ नसलेला जबडा मिटवून उघडून बघितला. "हा कुणी निवडला?"

मी बाबांकडे हात केला.

पुढचा तासभर माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. सरांनी आतून आपला वीस वर्षं जुना वाइस आणला. बाबांनी बिस्किटाचा कागद मागितला. मग मुलुंडच्याच एकाने खाली जाऊन आपला वाइस आणला. कागद फाटत होते, निघून येत होते, नखाच्या टिचक्या ऐकू येत होत्या, आणि सर माझ्या सासऱ्यांना "काका, हा कानशीने घासला तर चालेल का?" असं विद्यार्थ्यासारखं विचारत होते. मी एका कोपऱ्यात बसून चहाचे कप गोळा केले. गट फक्त स्वतः बांधणाऱ्यांचा असतो हे मला आवडलं नाही असं म्हणता येणार नाही. मला बाहेर ठेवलं ते मात्र लागलं.

घरी परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "बरोबर केलानी त्येनी."

"हो."

"तुमी पण."

महिन्याभराने गट नदीवर गेला. मी ऑफिसात होतो तेव्हा सरांचा फोन आला, मागून पाण्याचा आवाज. म्हणाले, माझी ती बुटकी माशी त्यांनी सोबत नेली होती, दोन दिवस वापरली. मासा एकही लागला नाही. एका दगडाखाली तासभर अडकली, खेचून काढावी लागली, तरी शाबूत आहे. एवढंच सांगायचं होतं, म्हणाले.

संध्याकाळी मी विक्रोळीला गेलो आणि बाबांना हे सांगितलं. ते टेबलाशी बसून वाइसच्या स्क्रूला तेल घालत होते.

"मासो गावलो नाय?"

"नाही."

"सुटली पण नाय मां?"

"नाही सुटली."

त्यांनी स्क्रू दोनदा फिरवून बघितला, फडक्याने पुसला आणि वाइस माझ्याकडे सरकवला. मी खुर्ची ओढली आणि गळ लावला.